फिफ्थ-व्हील ट्रेलरची स्टेपनी: ठेवावी कुठे आणि वेळेला काढावी कशी

पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीच्या सांध्यावर) ज्याची किंगपिन, म्हणजे पुढच्या टोकाखालची जाड खुंटी टेकते, त्या फिफ्थ-व्हील ट्रेलरचे, म्हणजे ओढून नेण्याच्या फिरत्या घराचे, बरेचसे वजन मागच्या दोन, आणि मोठा ट्रेलर असेल तर तीन आसांवर असते. एकेका टायरवर सुमारे दीड टन भार येणे ही अशा ट्रेलरमध्ये नेहमीची गोष्ट आहे. टायर फुटला तर मोटारीसारखे डिकी उघडून पाच मिनिटांत काम उरकत नाही, कारण इथे स्टेपनी बहुतेक वेळा घराच्या तळाखाली, चिखलाच्या माऱ्यात, तारेच्या एका दोरावर टांगलेली असते आणि मालकाने तिला ट्रेलर घेतल्यापासून एकदाही हात लावलेला नसतो. म्हणूनच माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, स्टेपनी आहे एवढे पुरेसे नाही. आपल्याजवळच्या अवजारांनी, एकट्याने, रस्त्याच्या कडेला ती खाली घेता येते का, याची खात्री घरच्या सपाट जागेवर करून घेतली असेल तरच ती स्टेपनी कामाची.

रस्त्यावर मदत देणाऱ्या सेवेची वर्गणी भरली आहे म्हणून हा विषय बाजूला टाकणारे पुष्कळ जण भेटतात. मदतीला येणारा माणूस चाक बदलून देतो हे खरे, पण तो साधारणपणे आपल्याच स्टेपनीवर अवलंबून असतो. ती जाम झालेल्या विंचवर (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर) अडकली असेल, किंवा तिच्यात हवा नसेल, तर त्यालाही फारसे काही करता येत नाही.

स्टेपनी कुठे आहे आणि ती तिथेच असावी का

सर्वांत प्रचलित जागा म्हणजे तळाखाली, मागच्या आसाच्या पाठीमागे, चेसिसच्या दोन लांब तुळयांच्या मधोमध. तिथे आडव्या पट्टीवर एक छोटा विंच बसवलेला असतो. त्याच्या तारेच्या दोराच्या टोकाला एक जाड धातूची पट्टी असते, ती तिरकी करून रिमच्या मधल्या भोकातून पलीकडे काढतात आणि आडवी पसरली की तिच्यावर चाक बसते. विंच फिरवण्यासाठी लांब दांड्याचे हँडल लागते, आणि ते घालण्याचे भोक बहुधा मागच्या बंपरजवळ किंवा बाजूच्या पत्र्यात असते. काही ट्रेलरांत हे भोक पत्र्याच्या टोपीने झाकलेले असते, काहींत दिवाबत्तीच्या किंवा नंबरप्लेटच्या इतके जवळ असते की वरवर पाहता नजरेत येत नाही. आधी ते भोक शोधावे आणि त्याच्याशेजारी रंगाची खूण करून ठेवावी. रात्री पावसात ती खूण मोलाची ठरते.

ही जागा मला इतर पर्यायांपेक्षा बरी वाटते. वजन खाली आणि मध्यरेषेवर राहते, टायर उन्हापासून झाकलेला राहतो आणि सामान ठेवण्याची जागा अडत नाही. दोष दोन आहेत. पहिला, चाकांनी उडवलेले पाणी, खडी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ थेट विंचवर आणि दोरावर येते. दुसरा, ट्रेलरच्या मागे आसापलीकडे लांब भाग लोंबत असल्यामुळे खोलगट रस्त्यावरून किंवा चढाच्या फाटकातून जाताना हाच भाग आधी टेकतो, आणि स्टेपनी जर चेसिसच्या खाली उतरलेली असेल तर तीच घासते. ट्रेलर सपाट उभा करून स्टेपनीच्या सर्वांत खालच्या बिंदूचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे. सांडपाण्याच्या टाकीचा नळ किंवा त्याचा व्हॉल्व्ह तिच्या शेजारी असेल तर चाक उतरताना तो वाटेत येतो का, तेही त्याच वेळी पाहावे.

काही ट्रेलरांत विंचऐवजी बिजागरीची चौकट असते. तिच्या एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला पिन किंवा बोल्ट असतो. रचना साधी असल्यामुळे ती विंचपेक्षा क्वचित बिघडते, पण पिन ओढली की चाकाचा आणि चौकटीचा सगळा भार एकदम खाली येतो. रिमसह हे चाक आकारानुसार साधारण २५ ते ४० किलोग्रॅमपर्यंत भरते. त्यामुळे पिन काढण्याआधी चौकटीखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा घ्यावाच, हाताने तोलण्याचा विचार करू नये.

मागच्या बंपरवर स्टेपनी लावणे सोपे दिसते आणि काढायलाही सोपे असते, पण तिथे मी सावध राहण्यास सांगेन. बहुतेक ट्रेलरांचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याचा, साधारण चार इंचांचा चौकोनी पोकळ नळ असतो आणि त्यात सांडपाण्याची नळी ठेवण्याची सोय केलेली असते. तो वजन टांगण्यासाठी बनवलेला नसतो. आसापासून इतक्या मागे टांगलेले चाक प्रत्येक खड्ड्यात वरखाली हिसके देते आणि ते हिसके बंपरच्या वेल्डिंगवर येतात. अशी व्यवस्था आधीपासून असेल तर वेल्डिंगच्या सांध्यांवरचा रंग तडकला आहे का, गंजाची बारीक रेष दिसते का हे प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी पाहावे, आणि चेसिसपर्यंत जाणारे आधार लावून घ्यावेत. त्याच बंपरवर सायकलींचा स्टँडही लावलेला असेल तर दोघांपैकी एक काढलाच पाहिजे. बंपरवरची स्टेपनी उन्हात राहते, म्हणून तिला झाकण हवेच.

पिकअपच्या हौद्यात ठेवायची तर हिचच्या आजूबाजूला उरणारी जागा नीट पाहावी. वळण घेताना ट्रेलरचे नाक हौद्यावरून फिरते, तेव्हा उभे ठेवलेले चाक त्याला लागू शकते. चाक आडवे, पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असावे. पुढच्या मोठ्या सामानकप्प्यात ठेवल्यास चाक कोरडे आणि हाताशी राहते, मात्र ते वजन थेट किंगपिनवर, म्हणजेच पिकअपवर जाते. पिकअपची भारक्षमता आधीच काठावर असेल तर याचा हिशेब धरावा. गॅसच्या टाक्यांच्या कप्प्यात मात्र चाक कधीही ठेवू नये.

स्टेपनी योग्य मापाची आहे का

टायरच्या भिंतीवरचे आकडे चालू चाकांच्या आकड्यांशी जुळवून पाहावेत. एसटी२३५/८०आर१६ हे पुष्कळ मध्यम आकाराच्या फिफ्थ-व्हीलवर आढळणारे माप आहे. त्यात ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. एकाच मापाचे टायर वेगवेगळ्या भारश्रेणींत मिळतात. ‘ई’ श्रेणीचा टायर ८० पीएसआय, ‘एफ’ श्रेणीचा ९५ आणि ‘जी’ श्रेणीचा ११० पीएसआय हवेवर आपली पूर्ण क्षमता देतो. चालू चारही टायर बदलून वरच्या श्रेणीचे घेतले आणि स्टेपनी जुनीच राहिली, अशी गफलत फार वेळा होते. अशी कमी क्षमतेची स्टेपनी लावून पूर्ण भरलेला ट्रेलर महामार्गाच्या वेगाने ओढणे म्हणजे दुसऱ्या फुटण्याला आमंत्रण आहे. शिवाय रिम आणि व्हॉल्व्ह यांनाही तेवढा दाब सोसला पाहिजे. साधा रबरी व्हॉल्व्ह ११० पीएसआयसाठी नसतो, तिथे बोल्टने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो.

बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यासही तपासावा. ६ बोल्टांचे ५.५ इंची आणि ८ बोल्टांचे ६.५ इंची वर्तुळ ही दोन मापे सर्रास दिसतात. ट्रेलरला अॅल्युमिनियमच्या रिम आणि स्टेपनीला लोखंडी रिम, असे जोड बरेचदा कारखान्यातूनच येते. त्यात गैर काही नाही, पण त्याच नटांचा निमुळता भाग लोखंडी रिमच्या भोकात नीट बसतो का, हे एकदा प्रत्यक्ष लावून पाहावे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जोडीतल्या दोन आसांपैकी एका चाकाचा व्यास मोठा असेल तर भार असमान वाटला जातो, म्हणून झिजलेल्या टायरांबरोबर वेगळ्याच मापाची नवी स्टेपनी लांबवर चालवू नये.

टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असतो. त्याच्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. काही टायरांवर हा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, त्यामुळे स्टेपनी खाली घेतल्याशिवाय तो वाचताही येत नाही. न वापरलेली स्टेपनी म्हणजे नवी स्टेपनी, असे समजू नये. टायर फिरताना दबतो आणि सुटतो, त्या हालचालीमुळे रबरातले संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते. नुसत्या टांगलेल्या टायरमध्ये ते घडत नाही आणि रबर शांतपणे कडक होत जाते. पाच-सहा वर्षे झाल्यावर नक्षी कोरीकरकरीत असली तरी मी असा टायर फक्त जवळच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी वापरेन.

घरी करायची तालीम

ट्रेलर पिकअपला जोडलेला असावा आणि जमीन सपाट असावी. चाकांना दोन्हीकडून पाचरी लावाव्यात. हँडलचे दांडे एकमेकांत बसवून भोकातून आत घालावेत आणि टोक विंचच्या खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी. नाहीतर खाचेच्या कडा झिजतात आणि पुढच्या वेळी हँडल नुसते फिरत राहते. मग सावकाश, बहुतेक विंचांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फिरवत चाक खाली घ्यावे. घाई म्हणून इम्पॅक्ट रेंच (झटके देत फिरणारा यंत्रचलित पाना) लावण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण या छोट्या विंचांचे दातेरी चक्र त्या झटक्यांसाठी नसते.

चाक जमिनीला टेकल्यावर पट्टी काढण्यापुरता दोर सैल होईल तेवढेच फिरवावे. त्यापुढे फिरवत राहिल्यास दोर ढोलकीवर उलट दिशेने गुंडाळला जातो आणि त्यात गाठी पडतात. पट्टी तिरकी करून रिमच्या भोकातून वर काढली की चाक मोकळे होते. आता ते ट्रेलरखालून बाहेर ओढायचे असते आणि इथेच अनेकांची दमछाक होते. चाक उतरण्याआधी त्याच्या खाली जाड प्लास्टिकचा तुकडा किंवा जुनी चटई सरकवली आणि बोल्टाच्या भोकांतून एक दोरी ओवून घेतली, तर जमिनीवर झोपून ढकलण्याऐवजी बाहेर उभे राहून चाक ओढता येते. लांब दांड्याचा लोखंडी आकडाही याच कामाला येतो. तो हँडलसोबत बांधून ठेवावा.

ही तालीम केली की आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. फुटलेल्या चाकाच्या बाजूने ट्रेलर खाली बसलेला असेल, रस्त्याची कड उतरती असेल, तेव्हाही चाक चेसिसखालून निघेल का? आडव्या पडलेल्या २३५ मापाच्या टायरला सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची जागा हवी. ती मिळत नसेल तर आधी ट्रेलर उचलणे आणि मग स्टेपनी काढणे, असा क्रम ठेवावा लागेल. तेव्हा जॅक आणि लाकडी फळ्या स्टेपनीच्या आधी हाताशी याव्यात अशा ठेवाव्या लागतात.

अवजारांची जागा हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. बॉटल जॅक, चाकाचा पाना, टॉर्क रेंच (नट नेमक्या जोराने आवळण्याचा पाना), विंचचे दांडे, दोन जाड फळ्या, पाचरी, हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा आणि परावर्तक त्रिकोण हे सगळे एकाच कप्प्यात असावे, आणि तो कप्पा रहदारीच्या विरुद्ध बाजूने उघडणारा असावा. घराचा बाहेर सरकणारा भाग पुढे आणल्याशिवाय जो कप्पा उघडत नाही, त्यात ही अवजारे मुळीच ठेवू नयेत.

विंच जाम झाला असेल तर

गंज हे याचे नेहमीचे कारण. गंज सोडवणारे तेल विंचच्या दात्यांवर आणि ढोलकीवर फवारून काही तास, शक्य असेल तर रात्रभर ठेवावे. नंतर हँडल थोडे आवळायच्या दिशेने आणि थोडे सोडायच्या दिशेने असे आलटूनपालटून हलवावे. एकाच दिशेने जोर लावल्यास दांडा पिळला जातो. कधी विंच फिरतो पण चाक खाली येत नाही. मातीने आणि गंजाने रिम वरच्या आधाराला चिकटलेली असते. तेव्हा चाकाखाली जॅक आणि ठोकळा घेऊन त्याला किंचित वर दाबावे, दोरावरचा ताण कमी झाला की पकड सुटते.

दोर कापायचाच प्रसंग आला तर चाकाचा भार आधी जॅकवर किंवा ठोकळ्यांवर पूर्ण उतरवावा, शरीराचा कोणताही भाग चाकाखाली नसावा, आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण ताणलेला तारेचा दोर तुटताना उसळतो. दोराचे एखाद-दुसरे तंतू तुटून बाहेर आलेले दिसले तरी तो दोर किंवा आख्खा विंच बदलून घ्यावा. महामार्गावर सुटलेले चाक मागून येणाऱ्यासाठी जीवघेणे ठरू शकते. याच कारणाने मी दोराच्या जोडीला एक स्वतंत्र साखळी रिममधून ओवून चेसिसला अडकवण्याचा आग्रह धरतो. कुलूप घातले तर चोरीचाही बंदोबस्त होतो, फक्त त्या कुलपालाही वर्षातून एकदा तेल द्यावे आणि किल्ली अवजारांच्याच कप्प्यात टांगावी.

प्रत्यक्ष रस्त्यावर

टायर फुटला की रहदारीपासून जितके दूर जाता येईल तितके जावे, रिम खराब झाली तरी चालेल. ट्रेलर पिकअपपासून सोडू नये, कारण पुढचे टोक हिचने धरून ठेवलेले असते आणि त्यामुळेच ट्रेलर स्थिर राहतो. पिकअपचा हँडब्रेक ओढावा आणि विरुद्ध बाजूच्या चाकांना पाचरी लावाव्यात. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत.

उचलण्यासाठी ट्रेलरचे स्वतःचे पाय किंवा समतल करणारे जॅक वापरण्याची अनेकांना सवय असते. चाक बदलण्यासाठी ते वापरू नयेत, असे बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते योग्यच आहे. त्या पायांवर तिरका भार आला की ते वाकतात. जॅक आसाच्या नळीखालीही लावू नये, नळी वाकली तर चाकांची रेषा कायमची बिघडते. पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, सहसा चेसिसच्या तुळईखाली स्प्रिंगच्या आधाराजवळ, फळीवर ठेवलेला पुरेशा क्षमतेचा जॅक लावावा. दोन आसांच्या ट्रेलरला आणखी एक सोपा उपाय आहे. त्याच बाजूचे चांगले चाक उताराच्या ठोकळ्यावर चढवले की फुटलेले चाक बऱ्याचदा जमिनीवरून सुटते. स्प्रिंगच्या रचनेनुसार तो उपाय चालतो की नाही, हेही घरच्या तालमीतच कळते.

फुटलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. चाक काढल्यावर वरच्या भागाकडे नीट पाहावे. टायरवरून सुटलेला रबराचा पट्टा फिरताना तळाचे आवरण, ब्रेकच्या तारा, पाण्याच्या नळ्या आणि कधी गॅसची नळीही फाडतो. गॅसचा वास आला तर टाक्यांचे व्हॉल्व्ह लगेच बंद करावेत आणि ठिणगी पडेल असे काही करू नये. त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरने काही अंतर दोघांचा भार एकट्याने वाहिलेला असतो, त्याच्या भिंतीवर फुगवटा किंवा भेग नाही ना हे पाहावे आणि पुढच्या गावी तो कुशल माणसाकडून तपासून घ्यावा.

स्टेपनी लावल्यावर नट समोरासमोरच्या जोड्यांत, टप्प्याटप्प्याने आवळावेत. १/२ इंची स्टडसाठी (नट ज्यावर बसतात त्या खुंटीसाठी) अनेक ट्रेलर-आसांना ९० ते १२० फूट-पौंड, म्हणजे साधारण १२२ ते १६३ न्यूटन-मीटर, आणि ९/१६ इंची स्टडसाठी १२० ते १४० फूट-पौंड सांगितलेले असते. आपल्या आसाच्या पुस्तिकेतला आकडा कप्प्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. ट्रेलर खाली उतरवल्यावर शेवटचा टॉर्क द्यावा. नंतर सुमारे १६, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा तपासावेत. नवे बसवलेले चाक स्थिरावताना नट सैल होतात, आणि ही तपासणी टाळल्यामुळे चाके निसटतात.

देखभाल

तळाखाली टांगलेल्या चाकाची हवा तपासणे ज्याला कठीण असते, तो ती तपासत नाही. चाक टांगताना व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असे ठेवले, किंवा व्हॉल्व्हला नळी जोडून तिचे तोंड चेसिसच्या कडेला आणून बांधले, तर हवामापक सहज लागतो. मात्र रिम उलटी ठेवल्यावर पट्टी तिच्या मधल्या भागावर सपाट बसते, याची खात्री करावी. चाकाची हवा थंड टायरवर मोजावी. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की दाब जवळजवळ २ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीत कमी दिसते. त्याशिवाय महिन्यागणिक थोडी हवा आपोआप जातेच. मी स्टेपनीत कायम कमाल दाबाइतकी हवा ठेवतो, कारण वेळेला थोडी सोडून देणे सोपे असते आणि भरणे अवघड.

मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर विंच गोड्या पाण्याने धुवावा. वर्षातून एकदा दोर पूर्ण उलगडून पुसावा, त्याला तेल आणि दात्यांना ग्रीस द्यावे. चाक परत वर घेताना ते आधारांवर घट्ट दाबले जाईपर्यंतच फिरवावे, काही विंच या टप्प्यावर टकटक असा आवाज करतात. हाताने धरून हलवल्यावर चाकात खेळ जाणवला नाही की पुरे. आणखी आवळल्यास पट्टी वाकते आणि पुढच्या वेळी ती रिमच्या भोकातून निघत नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाक पुन्हा एकदा हलवून पाहावे.

फुटलेला टायर त्याच विंचवर चढवून पुढे निघणे शक्य असते, पण तो नीट बसत नाही आणि लोंबणारा पट्टा वाटेत घासतो. जागा असेल तर तो पिकअपच्या हौद्यात बांधून न्यावा आणि नवा टायर त्याच रिमवर, त्याच मापात आणि त्याच भारश्रेणीत बसवून घ्यावा. नंतर ते चाक जागच्या जागी लावून जुनी स्टेपनी परत खाली टांगावी.